सायकलच्या एका स्पोकने ऋतू मोजा: सोलापूरच्या गच्चीसाठी

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेकडे दाखवलेला असतो. सोलापुरात वर्षातले सुमारे ८४ दिवस हे चित्र चुकीचे ठरते. शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंश ४० कलांवर आहे, तर सूर्य उत्तरेकडे २३ अंश २६ कलांपर्यंत येतो. त्यामुळे साधारण १० मेपासून २ ऑगस्टपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये ऊन येते ते याचमुळे. इथे राहणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलेही असते, फक्त त्याची सांगड ऋतूंशी घातलेली नसते.

ही सांगड घालायला दुर्बीण लागत नाही. एक सरळ सळई, एक फरशी आणि वर्षभर दर आठवड्याला पाच मिनिटे एवढे पुरते. आपल्याकडचे जुने ज्योतिर्गणित याच साधनावर उभे आहे. त्याला शंकू म्हणत, आणि तो बारा अंगुळे उंच धरत. आपण सेंटिमीटरमध्ये काम करू.

साहित्य

दोन फूट बाय दोन फुटांची शहाबादी फरशी घ्या. आपल्याकडे ती सहज मिळते. प्लायवूडपेक्षा फरशीच बरी. प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगते, वाऱ्याने सरकते, आणि जागेवरून हललेल्या शंकूची आधीची सगळी मापे वाया जातात. सळईसाठी सायकलचा जुना स्पोक उत्तम. तो बारीक असतो, सरळ असतो आणि त्याचे एक टोक वळलेले असते, त्यामुळे एम-सीलमध्ये पक्का बसतो. याशिवाय ६ मिलिमीटरचा एक मणी, फेविक्विक, एम-सील, सुतारी गुण्या, पाणसळ, दोरा, खडू, थोडी वाळू आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या.

मणी कशाला? सूर्य आकाशात बिंदूएवढा नसतो, त्याची थाळी अर्धा अंश रुंद असते. त्यामुळे कोणत्याही टोकाची सावली धूसर पडते आणि ती नेमकी कुठे संपते हे ठरवताना दोन-तीन मिलिमीटरची चूक होते. मण्याची सावली मात्र गोल ठिपक्यासारखी दिसते आणि तिचा मध्य डोळ्याला बरोबर सापडतो. नवशिक्यांची निम्मी मापे बिघडतात ती टोकाची सावली मोजल्यामुळे.

उभारणी

१. जागा अशी निवडा की सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पाण्याची टाकी, कठडा किंवा जिन्याची खोली यांची सावली फरशीवर येणार नाही. डिसेंबरात सूर्य खालून जातो, म्हणून दक्षिणेचा कठडा विशेष पाहा.

२. फरशी वाळूवर ठेवा आणि पाणसळ दोन्ही दिशांनी लावून समतळ करा. गच्चीवर नुसती ठेवू नका. पाणी वाहून जावे म्हणून प्रत्येक गच्चीला उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा उतार असला तरी तो अर्ध्या अंशापेक्षा जास्त भरतो. मे महिन्यात सूर्याला तेवढे सरकायला दोन दिवस लागतात. म्हणजे तुमचा शून्य सावलीचा दिवस, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो, दोन दिवसांनी चुकेल, आणि चूक कुठे झाली ते शोधूनही सापडणार नाही.

३. फरशीच्या मधोमध खडूने काटकोनात दोन रेघा मारा, चांगल्या लांब. एम-सीलचा गोळा लावल्यावर मधला बिंदू झाकला जातो, तेव्हा या रेघांवरूनच तो परत काढायचा असतो.

४. स्पोकचे वळलेले टोक एम-सीलमध्ये घट्ट बसवा. गोळा ३ सेंटिमीटरपेक्षा रुंद होऊ देऊ नका. जूनमध्ये दुपारची सावली जेमतेम २ सेंटिमीटर असते. एम-सील ओले असतानाच गुण्या आधी एका बाजूने आणि मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने लावून सळई उभी करा. एकाच बाजूने तपासलेली सळई दुसऱ्या बाजूला कललेली असते, हे हमखास घडते. एक अंश कलली तर वरचे टोक साडेतीन मिलिमीटर सरकते.

५. फरशीपासून मण्याच्या मध्यापर्यंत बरोबर २० सेंटिमीटर भरतील असा मणी सरकवून फेविक्विकच्या एका थेंबाने पक्का करा. वर उरलेली तार कापून टाका.

६. सळईच्या पायथ्याभोवती १०, १५, २० आणि २५ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळे काढा.

उत्तर दिशा काढणे

मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. गच्चीच्या स्लॅबमधले लोखंड त्याला फसवते. वर्तुळे काढलेलीच आहेत, तीच वापरा.

सकाळी मण्याची सावली वर्तुळाबाहेर असते आणि हळूहळू आत येते. ती वर्तुळाच्या रेघेवर येईल त्या क्षणी खूण करा. दुपारनंतर ती त्याच रेघेवरून बाहेर पडेल तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. पायथ्यातून तिला लंब काढला की तीच उत्तर-दक्षिण रेघ.

२२ डिसेंबरच्या सुमारास २५ सेंटिमीटरच्या वर्तुळावर सावली सकाळी साधारण १० वाजून २० मिनिटांनी आत येते आणि दुपारी अडीचच्या सुमारास बाहेर पडते. एका वर्तुळावर भरवसा ठेवू नका; दुपारी ढग आला तर दिवस फुकट जातो. एकाच दिवशी २० आणि २५ सेंटिमीटरच्या दोन्ही वर्तुळांवर खुणा करा. दोन्ही पूर्व-पश्चिम रेघा समांतर आल्या तर काम बरोबर झाले. त्या एकमेकींशी तिरक्या आल्या तर फरशी किंवा सळई कललेली आहे, पुन्हा पाणसळ लावा. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावे. आकाश निरभ्र असते, आणि सकाळ ते दुपार या वेळात सूर्याची उत्तर-दक्षिण जागाही फारशी बदलत नाही. रेघ मनासारखी आली की ऑइल पेंटने पक्की करा.

माध्यान्ह बारा वाजता नसते

इथे सर्वात जास्त लोक अडखळतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि सोलापूर ७५.९ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर फरक सुमारे २६ मिनिटांचा येतो. म्हणजे आपली सरासरी माध्यान्ह १२ वाजून २६ मिनिटांनी.

त्यातही वर्षभर चढउतार होतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सोलापूरची माध्यान्ह १२:४१ पर्यंत लांबते, ३ नोव्हेंबरला ती १२:१० वर येते. १० मेला १२:२३, २१ जूनला १२:२८, २३ सप्टेंबरला १२:१९, २२ डिसेंबरला १२:२५. मधल्या दिवसांसाठी सोपा उपाय असा: पंचांगातली किंवा वर्तमानपत्रातली सोलापूरची सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ घ्या आणि दोन्हींचा मध्य काढा. दाते पंचांग सोलापुरातूनच निघते, त्यामुळे ते घरोघर असतेच. मात्र वेळा कोणत्या गावासाठी दिल्या आहेत तेवढे तपासून घ्या.

उत्तर-दक्षिण रेघ पक्की झाली की घड्याळाचीही गरज नाही. मण्याची सावली त्या रेघेवर आली की माध्यान्ह झाली.

वर्षभराची मापे

आठवड्यातून एकदा, माध्यान्हीला, पायथ्याच्या मध्यापासून मण्याच्या सावलीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. वहीत तारीख, वेळ, लांबी आणि दिशा लिहा. दिशा लिहायला विसरू नका. मे ते ऑगस्टमध्ये तीच महत्त्वाची असते.

२० सेंटिमीटरच्या शंकूसाठी सोलापुरात अशी मापे यायला हवीत: २२ डिसेंबरला १७.४ सेंटिमीटर, उत्तरेकडे. २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरला ६.४ सेंटिमीटर, उत्तरेकडे. १० मेच्या सुमारास शून्य. २१ जूनला २ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. २-३ ऑगस्टला पुन्हा शून्य. तुमची मापे यापासून तीन-चार मिलिमीटरच्या आत असतील तर शंकू चांगला बसला आहे. प्रत्येक वेळी एकाच दिशेने तेवढाच फरक येत असेल तर फरशीला उतार आहे. फरक कधी इकडे कधी तिकडे येत असेल तर तुमचा मोजणारा हात घाई करतो आहे.

मार्च आणि सप्टेंबरच्या त्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या संपाताच्या दिवशी, आणखी एक काम करा. दर अर्ध्या तासाने मण्याच्या सावलीवर खूण करत जा. संध्याकाळी त्या सगळ्या खुणा एका सरळ रेघेत आलेल्या दिसतील, पूर्व-पश्चिम. इतर कुठल्याही दिवशी ही रेघ वाकते. हिवाळ्यात तिची दोन्ही टोके उत्तरेकडे वळतात. २१ जूनला तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली सळईच्या दक्षिणेलाच राहते, कारण त्या दिवशी सोलापुरात सूर्य पूर्ण दिवसभर आकाशाच्या उत्तर अर्ध्यातच असतो. हे प्रत्यक्ष फरशीवर पाहण्यात जे समाधान आहे ते कुठल्याही आकृतीत नाही. ढगांमुळे २१ जून हुकला तर आधी किंवा नंतर आठवडाभर तसेच दिसते.

संपातदिनाची ६.४ ही लांबी २० ने भागली तर ०.३२ येतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा उलटा टॅन (tan⁻¹) काढा, १७.७ अंश मिळतात. हेच सोलापूरचे अक्षांश. जुन्या गणितात या दिवसाच्या बारा अंगुळी शंकूच्या सावलीला पलभा म्हणत. सोलापूरची पलभा ३.८ अंगुळे येते, आणि त्या एका आकड्यावरून गावाचे सगळे दिनमान काढले जाई.

शून्य सावलीचा दिवस

दरवर्षी मे महिन्यात लोक बरोबर बारा वाजता गच्चीवर जातात, सावली दिसते, आणि ‘काही शून्य वगैरे होत नाही’ म्हणून खाली येतात. १० मेला १२ वाजता २० सेंटिमीटरच्या शंकूची सावली जवळजवळ २ सेंटिमीटर असते. ती शून्य होते १२ वाजून २३ मिनिटांनी. १२:१५ ला वर जा आणि १२:३० पर्यंत थांबा. सावली पश्चिमेकडून सरकत येते, मण्याचा ठिपका एम-सीलच्या गोळ्यावर चढतो, सळईभोवती नीट बसतो आणि पूर्वेकडे उतरतो.

नेमका दिवस ओळखणे मात्र कठीण आहे. सूर्य रोज पाव अंश उत्तरेकडे सरकतो, आणि २० सेंटिमीटरच्या शंकूवर त्याचा फरक एका मिलिमीटरहून कमी पडतो. ९ मे ते १२ मे सगळे दिवस सारखेच वाटतात. फरक पाहायचा असेल तर एक मीटर लांबीचा सरळ पीव्हीसी पाइप ओळंबा लावून उभा करा. त्यावर रोजचा फरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. एखाद्याकडे पाइप नसेल तर सरळ कडांचा स्टीलचा पेला पालथा ठेवूनही सावली नाहीशी झालेली दिसते, फक्त मोजता येत नाही.

दुपारची गच्ची तापलेली असते. पायात चप्पल, डोक्यावर टोपी आणि हाताशी पाणी हवेच. आणि सूर्याकडे थेट कधीही पाहू नका, गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म लावूनही नाही. या सगळ्या कामात नजर फरशीवरच ठेवायची असते.

ऑगस्टमधली संधी ढगांमुळे बऱ्याचदा हुकते. तरी सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने कोकणातल्या माणसापेक्षा तुम्हाला ऊन सापडण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

संक्रांत आणि उत्तरायण

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात. ‘आजपासून सूर्य उत्तरेकडे वळला, दिवस तिळातिळाने वाढायला लागला’ असे त्या दिवशी घरोघर म्हटले जाते. तुमची वही वेगळे सांगेल. १४ जानेवारीला माध्यान्हीची सावली १६.२ सेंटिमीटर भरते, म्हणजे सूर्य तोवर उत्तरेकडे सरकलेला असतो. दिवसही २२ डिसेंबरपासून सहा मिनिटांनी वाढलेला असतो.

मग चुकले कोण? कोणीच नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होतो. त्यामुळे ताऱ्यांच्या मानाने संपाताची जागा दर ७२ वर्षांत एक अंशाने मागे सरकते. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी सूर्य मकर राशीत जाण्याचा आणि उत्तरेकडे वळण्याचा दिवस एकच होता. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने पाळली जाते, ऋतू सूर्याच्या हिशेबाने चालतात, आणि आज दोन्हींत २३-२४ दिवसांचे अंतर पडले आहे.

लोकांचा समज टिकून राहायला आणखी एक कारण आहे. सोलापुरात सर्वात उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला नसतो, तो जानेवारीच्या मध्याच्या आसपास असतो. सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होऊन गेलेला असतो. माध्यान्हच त्या दिवसांत पुढे पुढे सरकत असते, म्हणून संध्याकाळ आधी लांबते आणि सकाळ मागाहून. पहाटे उठणाऱ्याला संक्रांतीनंतरच उजाडणे अलीकडे आलेले जाणवते, आणि त्याचा अनुभव खराच असतो.

२२ डिसेंबर हा दिवस फरशीवरून ओळखायचा कसा? त्या दिवसाआधी आणि नंतर दहा-दहा दिवस सावली जवळजवळ थबकते, म्हणून थेट मोजून तो सापडत नाही. २२ नोव्हेंबरची लांबी लिहून ठेवा आणि जानेवारीत तेवढीच लांबी कधी येते ते पाहा. ती २० जानेवारीच्या सुमारास येईल. दोन तारखांचा मध्य काढा.

आता कारण

सूर्य जवळ आला की उन्हाळा, हे उत्तर मोठी माणसेही देतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वात दूर असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. सोलापुरात स्वेटर बाहेर निघतात तेव्हा सूर्य सर्वात जवळ असतो, एवढे सांगितले तरी पुरे.

खरे कारण हाताने करून पाहा. १५ सेंटिमीटरचा थर्माकोलचा गोळा घ्या, मधोमध आरपार विणकामाची सुई घाला, मध्यावर विषुववृत्ताची रेघ काढा. गोळा म्हणजे पृथ्वी, सुई म्हणजे तिचा अक्ष. तिच्या वर २.३ सेंटिमीटरवर एक टाचणी डोक्यापर्यंत न खुपसता उभी ठेवा; ते सोलापूर. खोलीच्या मध्ये स्टुलावर उघडा बल्ब ठेवा, गोळ्याच्या उंचीवर; तो सूर्य. सुई उभ्या रेषेपासून २३.४ अंश कलवा, म्हणजे काटकोनाच्या चौथ्या भागापेक्षा थोडी जास्त.

सुईचे वरचे टोक खोलीच्या एका भिंतीकडे रोखा आणि बल्बभोवती गोळा फिरवताना ते त्याच भिंतीकडे राहू द्या. इथेच सगळे चुकतात. हात आपोआप वळतो आणि सुई सतत बल्बकडे झुकलेली राहते. तसे झाले तर वर्षभर उन्हाळाच दिसेल. मदतीला एकाला उभे करा आणि त्याला फक्त सुईवर नजर ठेवायला सांगा.

बल्बच्या ज्या बाजूला उत्तर टोक बल्बकडे झुकलेले येते तो जून, समोरची बाजू डिसेंबर. प्रत्येक ठिकाणी गोळा सुईभोवती हळू फिरवा. टाचणी उजेडात किती वेळ असते आणि तिची सावली किती लांब पडते ते पाहा. सोलापूरचा सर्वात मोठा दिवस सुमारे १३ तास ११ मिनिटांचा, सर्वात लहान सुमारे ११ तास ४ मिनिटांचा. डिसेंबरात दुपारीही सूर्य ४९ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे डोक्यावरच्या सूर्याचे जेवढे ऊन एक चौरस फूट जमिनीवर पडते, तेवढेच तेव्हा १.३ चौरस फुटांवर पसरते. कमी तास आणि पसरलेले ऊन, थंडी या दोन गोष्टींची आहे.

मग २१ जूनला दिवस सर्वात मोठा असूनही सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्येच चाळिशी का ओलांडतो? सूर्य मेच्या सुरुवातीपासूनच डोक्यावर असतो, आकाश कोरडे असते, जमीन वाळलेली असते. जूनमध्ये ढग येतात, माती भिजते आणि आलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाणी वाळवण्यात जातो. आपल्याला किती ऊन मिळते हे पृथ्वीच्या अक्षाचे कलणे ठरवते, त्या उन्हाचे पुढे काय होते ते मान्सून.

रात्रीची पडताळणी

तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, महिन्याला दोन तास. डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला उगवणारा मृग मार्चमध्ये त्याच वेळी डोक्याच्या पश्चिमेला गेलेला असतो आणि जूनमध्ये दिसतच नाही. ७-८ जूनला ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा सूर्य मृगाच्याच दिशेला असतो, म्हणून तो उजेडात बुडालेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री ९ वाजता दक्षिणेला क्षितिजापासून दोन मुठी वर अगस्ती पाहा. हात ताठ धरल्यावर बंद मूठ दहा अंश झाकते. मेच्या मध्यास त्याच वेळी दक्षिणेला त्रिशंकू दिसतो, फक्त एका मुठीएवढा वर; त्यासाठी शहराच्या दिव्यांपासून दूर जा.

शेवटचे माप ध्रुवताऱ्याचे. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मध्यबिंदूला दोरा बांधून खाली रबर लटकवा, सरळ कडेवरून ध्रुवतारा पाहा आणि दोरा अंगठ्याने दाबून धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला तेवढी ताऱ्याची उंची. ती १७-१८ अंश यायला हवी, म्हणजे मार्चच्या दुपारी फरशीवर काढलेलाच आकडा. दोन अंशांहून जास्त फरक आला तर आधी दोरा कोनमापकाला घासतो आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तेच झालेले असते.